कपाटाच्या सागवानी पल्ल्यात काच बसवताना

आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात जुनं मातीचं घर मोडून घरकुलाचा पाया खोदला की अंगणाच्या कोपऱ्यात सागवानी मयाली, फाटे आणि जुन्या दारांच्या चौकटींचा ढीग पडतो. पन्नास-साठ वर्षं चुलीच्या धुरात वाळलेलं लाकूड असतं ते. काही घरांत ते सरपणात जातं आणि ते पाहून जीव तुटतो. अशाच एका ढिगातून मी घरासाठी दोन कपाटं केली, एक पुस्तकांचं आणि एक पितळी भांड्यांचं. दोन्हींचे पल्ले काचेचे.

पुस्तकांच्या कपाटाची काच मी मे महिन्यात बसवली आणि पोळ्याच्या आठवड्यात ती तडकली. कोणी दगड मारला नव्हता की कोणी धडकलं नव्हतं. मुलीने घट्ट झालेला पल्ला मुठीला धरून ओढला आणि खालच्या कोपऱ्यापासून मधोमध एक रेघ चढत गेली. नंतर पट्ट्या उचकटून पाहिलं तेव्हा कारण समोर दिसलं. काच खाचेत अगदी ठासून बसली होती आणि एक चूक, म्हणजे पट्टी ठोकायचा बारीक खिळा, तिच्या कडेला टेकलेली होती. पावसात पट्ट्या फुगल्या, पल्ला कपाटात अडकला, ओढताना चौकट किंचित तिरपी झाली आणि तो सगळा जोर त्या एका चुकेच्या टोकातून काचेवर आला.

आमच्याकडचे म्हातारे वाढई, म्हणजे सुतार, ज्यांना मी काकाजी म्हणतो, ते तडा पाहून एवढंच म्हणाले, "काच आवळली का गेली समज, भाऊ. तिले बसू द्या लागते."

या लेखात जे काही सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. पल्ल्याचा भार चौकटीने पेलायचा. काचेने फक्त आत बसायचं, मऊ गादीवर, चारही बाजूंनी थोडी मोकळी.

लाकूड किती हलतं

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क असते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, रोवणीच्या दिवसांत, भिंतीसुद्धा ओलसर लागतात. या फरकाने सागाची 3 इंची पट्टी रुंदीत अर्ध्या ते एका मिलिमीटरपर्यंत फुगते. साग त्यातल्या त्यात शहाणा, बाभूळ किंवा आंबा याहून जास्त हलतात. दोन पल्ल्यांच्या कपाटात अशा चार उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी येतात, म्हणजे पावसाळ्यात एकूण दोन ते चार मिलिमीटर जागा लागणार.

म्हणून उन्हाळ्यात पल्ले करत असाल तर दोन पल्ल्यांच्या मध्ये पूर्ण एक सूत फट ठेवा. डोळ्याला ती फट मोठी दिसते. ती दिसू द्या. पावसाळ्यात काम करत असाल तर अर्धं सूत पुरे, कारण लाकूड तेव्हा आधीच फुगलेलं असतं. ज्यांना सूत नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो, एक इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण 3 मिलिमीटर. वाढई, आरामशीनवाले आणि काचवाले सगळे याच भाषेत बोलतात, तेव्हा ही आधी शिकून घ्या.

लाकूड आणि चौकट

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. जुनं असेल तर सगळ्यात चांगलं, फक्त रंधा मारण्याआधी प्रत्येक खिळा शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. नवीन घेत असाल तर पावतीनिशी घ्या. बल्लारशा आणि आलापल्लीचा साग देशभर जातो, पण आपल्याच भागात सागाची वाहतूक करायला वनखात्याचा परवाना लागतो, आणि बिनपावतीच्या स्वस्त लाकडापायी पुढे फार मनस्ताप होतो. ओला साग काचेच्या पल्ल्याला चालणार नाही. पट्ट्या कापून आणल्यावर घरात, पंख्याखाली नव्हे तर सावलीत, मध्ये काड्या घालून दोन-तीन आठवडे थप्पी लावून ठेवा. ज्या पट्टीला वाक यायचा असतो तो तेवढ्यात येतो आणि ती बाजूला काढता येते.

पल्ला म्हणजे चार पट्ट्यांची चौकट. पट्टी अडीच ते तीन इंच रुंद आणि रंधा मारल्यावर निदान 7 सूत जाड हवी. कोपरे कुसू घालून जोडा, म्हणजे उभ्या पट्टीला चौकोनी भोक आणि आडवीच्या टोकाला त्यात घट्ट बसेल असं कुसू. नुसतं टोकाला टोक लावून स्क्रू मारलेला कोपरा काचेच्या वजनाने वर्षभरात सैल होतो. फेव्हिकॉल लावून, शिकंजात आवळून, चौकट एक दिवस तशीच ठेवा.

शिकंजा आवळताना काटकोन तपासायला गुण्या लावाच, पण त्यावर थांबू नका. कर्ण मोजा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा, मग दुसरा कर्ण. दोघांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गोंद ओला असतानाच लांब कर्णाच्या बाजूने दाबून सरळ करा. सुकल्यावर फार काही करता येत नाही.

दुसरी तपासणी पीळ आहे का ती. कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा सपाट फरशीवर चौकट ठेवा आणि एकेक कोपरा बोटाने दाबा. डुगडुगत असेल आणि उचललेल्या कोपऱ्याखाली अर्ध्या सुताहून जास्त फट असेल तर त्या चौकटीत काच घालू नका. पिळलेल्या चौकटीला काच सरळ करेल असं नवख्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. काच काही दिवस सोसते आणि मग एका रात्री आवाज येतो.

खाच

काच बसायला मागच्या बाजूने पायरीसारखी खाच लागते, तिला सगळे रिबेट म्हणतात. 7 सुताच्या पट्टीत हिशोब असा जमतो. समोर 2 सूत लाकूड ओठासारखं राहू द्यायचं. उरलेल्या 5 सुतांत आधी लांबीचा (जवसाच्या तेलात मळलेल्या खडूच्या लगद्याचा) किंवा सिलिकॉनचा पातळ थर, मग 4 मिलिमीटर काच, आणि वरून 3 सुताची पट्टी. खाचेची रुंदी 3 सूत. म्हणजे काच चारही बाजूंनी सुमारे 8 मिलिमीटर लाकडाच्या आड जाते आणि तरी कडेला मोकळी जागा उरते.

रिबेट रंधा किंवा राऊटर (खाच कोरायचं मशीन) असेल तर चौकट जोडून झाल्यावर खाच मारणं नवख्याला सोपं. आधी मारली तर कुसवाच्या खांद्यांची लांबी दोन्हीकडे वेगळी धरावी लागते आणि तिथे पहिल्या प्रयत्नात हमखास चुकतं. राऊटरने कोपरे गोल राहतात, ते पटाशीने चौकोनी करा. पटाशी धारदार हवी आणि घाव लहान. कोपऱ्यात राहिलेला तांदळाच्या दाण्याएवढा लाकडाचा बुरा पुढे काचेचा शत्रू होतो.

हत्यारं नाहीत? तरी हरकत नाही. चौकट साध्या पट्ट्यांची करा आणि समोरून 2 सूत जाडीची एक बारीक पट्टी चारही बाजूंनी अशी चिकटवा की ती आतल्या बाजूला 3 सूत डोकावेल. मागून पाहिलं तर तयार रिबेट. कोपऱ्यांना पंचेचाळीस अंशात कापलं तर समोरून नक्षीसारखं दिसतंही छान. मात्र चौकट मग 5 सुताहून पातळ असली तरी चालेल असं समजू नका. मागच्या पट्टीला, काचेला आणि गादीला मिळून 5 सूत जागा लागतेच, आणि त्यापेक्षा पातळ चौकट पीळ धरते.

पॉलिश आधी, काच नंतर

हा क्रम उलटा केल्याने बरीच कामं बिघडलेली मी पाहिली आहेत. खाचेच्या आतल्या बाजूलासुद्धा पॉलिशचा किंवा निदान वॉर्निशचा एक हात लागला पाहिजे. कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, मग लांबी भुकटी होऊन गळते. आणि सिलिकॉन लागलेल्या जागी पॉलिश कधीच धरत नाही, तिथे कायमचा डाग राहतो. काचेवर कागदी टेप लावून नंतर पॉलिश करू म्हणणाऱ्यांचं पॉलिश टेपखाली शिरतंच.

मी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून वापरतो. चपडा म्हणजे लाख, आपल्याच गोंदिया-गडचिरोलीकडे पळस आणि कुसुमाच्या झाडांवर किडे जी बनवतात ती. दमट दिवशी या पॉलिशवर पांढुरकी साय येते, म्हणून पावसाची झड लागली असेल तर थांबा.

बिजागऱ्याही आत्ताच लावून पाहा. काच नसलेला पल्ला कपाटाला टांगा, उघडझाक करा, फटी बघा, जिथे घासतो तिथे रंधा मारा. सगळं जुळलं की स्क्रू काढून पल्ला परत खाली. काच बसल्यावर रंधा मारणं म्हणजे प्रत्येक धक्का काचेला.

कोणती काच, किती वजनाची

दुकानात आज मिळणारी साधी काच फ्लोट पद्धतीची असते. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवून ती बनवतात, म्हणून दोन्ही बाजू आरशासारख्या सपाट असतात. जुन्या वाड्यांच्या तावदानांतून बाहेरचं झाड जरा लहरल्यासारखं दिसतं ना, ती याच्या आधीची काच. अशी जुनी तावदानं मिळाली तर जपून वापरा, पण कापायला जाऊ नका. जुन्या काचेवर रेघ नीट उठत नाही आणि तडा भलतीकडेच पळतो.

फोटोच्या फ्रेमची 2 मिलिमीटरची काच पल्ल्याला वापरू नये. तीन-चार चौरस फुटांपर्यंत 4 मिलिमीटर, त्याहून मोठी असेल तर 5 मिलिमीटर घ्या. वजनाचा हिशोब सोपा आहे. 1 मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. म्हणजे 4 मिलिमीटरची काच चौरस फुटाला एक किलोच्या किंचित आत. 14 इंच रुंद आणि 40 इंच उंच काच जवळपास 3.9 चौरस फूट होते, तिचं वजन साडेतीन किलोच्या वर. त्यात सागाच्या चौकटीचे अडीच-तीन किलो धरले तर पल्ला सहा किलोच्या पुढे जातो. त्याला दोन नाही, तीन बिजागऱ्या लागतात.

उंच पल्ल्याला मधे एक आडवी पट्टी घालून दोन काचा बसवणं मला जास्त पटतं. चौकट घट्ट होते, काच लहान होते आणि फुटली तर अर्धीच बदलावी लागते. घरात रांगती पोरं असतील तर खालच्या भागात काच न घालता लाकडी फळी घाला. खाली काचच हवी असेल तर टफन मागवा. ती फुटली तरी सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक खडे होतात. पण टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, कड घासताही येत नाही. माप कारखान्याकडे जाण्याआधीच बिनचूक हवं, आणि नागपूरहून यायला दिवस लागतात हे धरून चाला.

भांड्यांच्या कपाटाला आतलं सगळं दिसायला नको असेल तर दाणेदार नक्षीची काच येते. तिची खरबरीत बाजू आत ठेवा, बाहेरून पुसायला सोपं जातं.

माप

टेप घेऊन उघडीच्या आत नाही, खाचेच्या आत मोजायचं, काठापासून काठापर्यंत. रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा. उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे. तीनपैकी सगळ्यात कमी आकडा घ्यायचा आणि त्यातून एक सूत वजा करायचं. म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धं सूत मोकळं. खाचेत सगळ्यात कमी रुंदी 14 इंच 6 सूत आली तर काच 14 इंच 5 सूत. उंचीलाही तसंच.

त्यानंतर पुठ्ठा. पंख्याच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा सरळ पुठ्ठा त्या मापाने कापा आणि खाचेत ठेवून पाहा. चौकट कुठे वाकडी असेल तर टेप फसवतो, पुठ्ठा फसवत नाही. तो एका बाजूला सरकवला की दुसऱ्या बाजूला काडेपेटीची काडी सहज बसली पाहिजे. चारही बाजूंना असं झालं की पुठ्ठ्यावर "वर", "समोर" आणि पल्ल्याचा नंबर लिहा आणि तोच पुठ्ठा घेऊन तालुक्याच्या दुकानात जा. दोन पल्ले एकाच मापाचे केले असं आपण म्हणतो, पण हाताने केलेले दोन पल्ले कधीच तंतोतंत एक नसतात. प्रत्येकाचा पुठ्ठा वेगळा काढा.

कापणं

पहिल्या कपाटाची काच दुकानदाराकडूनच कापून घ्या. तो कापत असताना मात्र बाजूला उभे राहून नीट बघा, कारण हे पाहण्यासारखं काम आहे. टेबलावर गोणपाट अंथरलेलं असतं. काच पुसून तो लाकडी पट्टी दाबून धरतो आणि काच कापायचा हिरा एकदाच, एका दमात, वरून खाली ओढतो. बारीक सर्र आवाज येतो आणि केसाएवढी पांढरी रेघ उठते. आवाज मधेच तुटला तर रेघ तिथे कच्ची. त्याच रेघेवरून हिरा परत फिरवायचा नाही, त्याने हिराही खराब होतो आणि तडाही बिथरतो. मग काच टेबलाच्या काठावर रेघेशी आणतो, दोन्ही हातांनी धरतो आणि खाली झटका देतो. नीट पाहिलं तर उजेडात तडा रेघेखालून पळताना दिसतो.

घरी शिकायचं असेल तर फुटक्या काचेच्या तुकड्यांवर शिका. चाकाचा कटर स्वस्त मिळतो, त्याला थेंबभर शिलाई मशीनचं तेल लावा. रेघ मारल्यावर लगेच तोडा, रात्रभर ठेवू नका. आणि एक लक्षात ठेवा, अर्ध्या इंचापेक्षा बारीक चिरोटी काढणं अनुभवी माणसालाही जड जातं. "थोडी मोठी आणू, घरी बारीक करू" हा विचार म्हणूनच सोडून द्या.

काच हाताळताना जाड हातमोजे, पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा. आणि तुकड्यांचं काय करता, याची मला फार काळजी वाटते. उकिरड्यावर काच टाकू नका. उकिरड्याचं खत वावरात जातं आणि आषाढात बाया त्याच चिखलात अनवाणी उभ्या राहून रोवणी करतात. तुकडे जाड कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरा, झाकण ठोकून बंद करा आणि डब्यावर "काच" लिहून भंगारवाल्याला सांगून द्या.

गावापर्यंत आणणं

काच आडवी नेली की फुटते, उभी नेली की वाचते. आडव्या काचेला प्रत्येक खड्ड्यात मधोमध झोका बसतो. दोन काचांच्या मधे वर्तमानपत्र, दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि बाहेरून वाकळ गुंडाळून सुतळीने बांधा. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याने मांडीवर उभी धरायची नाही, अचानक ब्रेक लागला तर काच गळ्याशी येते. ऑटोत किंवा मालवाहू गाडीत तणसाच्या पेंढ्यांमध्ये उभी टेकवून आणा. घरी आल्यावर भिंतीशी थोडी तिरपी, खाली दोन लाकडी पट्ट्यांवर उभी करून ठेवा. थेट फरशीवर नको.

बसवण्याआधी कडांची धार मोडून घ्या. 220 नंबरचा वॉटर पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, पाण्यात बुडवा आणि कडेवरून तिरपा, एकाच दिशेने फिरवा. कोरडं घासलं तर काचेची भुकटी नाकात जाते, म्हणून पाणी हवंच. फक्त बोट कापू नये म्हणून हे करायचं नाही. कडेवरची बारीक खोच हीच पुढच्या तड्याची सुरुवात असते, आणि घासल्याने ती निघून जाते.

गादी

खाचेत काच थेट लाकडावर ठेवायची नाही. मधे काहीतरी मऊ हवं, नाहीतर पल्ला आपटला की काच खडखडते.

नवख्यांनी पारदर्शक सिलिकॉन घ्यावं. नळीचं तोंड बारीक कापा आणि खाचेच्या ओठावर आतून एक बारीक रेघ सोडा, सुतळीएवढी नव्हे, शिवायच्या दोऱ्याहून जरा जाड. जास्त सोडलं तर समोरून ओघळ येतात. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते उलट उशिरा पक्कं होतं. एक दिवस तरी पल्ला आडवाच राहू द्या. आरसा बसवत असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन टाळा, त्याने आरशाच्या पाठीला काळे डाग पडतात.

मला स्वतःला लांबी जास्त आवडते. जवस आपल्याकडे पिकतं, त्याच्या तेलात खडूची पावडर मळली की झाली लांबी. खाण्याचं कच्चं जवस तेल मात्र लवकर सुकत नाही, रंगाच्या दुकानातलं उकळलेलं, डबल बॉईल तेल आणा. पाव किलो पावडरीला तीन मोठे चमचे तेलापासून सुरुवात करा आणि पुरणपोळीच्या कणकेसारखं मळत राहा. आधी ती फुटते, बोटांना चिकटते. दहा मिनिटांनी अचानक एकजीव होते, तळहाताला चिकटायची थांबते आणि वळी केली तर चिरत नाही. तिथे थांबा. भिंतीला लावायची पुट्टी ही नव्हे, ती सिमेंटची असते आणि काचेवर तडकून पडते.

या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं आणि चुरगळलेला बोळा आपल्याकडच्या उन्हाळ्यात आपोआप पेट घेऊ शकतो. तो उघड्यावर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बसवणं

पल्ला टेबलावर पालथा ठेवा, खाली वाकळ. खाच ब्रशने झाडा, मग बोट फिरवून पाहा. खालच्या खाचेत, दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर, सायकलच्या ट्यूबचे इंचभर लांब दोन तुकडे ठेवा. काचेचं वजन यांच्यावर येतं आणि कोपरे सुटे राहतात. बाजूंना मधोमध एकेक छोटा तुकडा ठेवला की काच बरोबर मध्यात राहते.

लांबीची वळी किंवा सिलिकॉनची रेघ घाला. काच आतल्या बाजूने आधीच पुसून घ्या, नंतर कोपऱ्यांत हात जात नाही. खालची कड ट्यूबवर टेकवा आणि काच हळूहळू खाली सोडा. दाबायचं ते कडेला, बोटांच्या पेरांनी, सगळीकडे सारखं. मधोमध तळहात ठेवून दाबायचं नाही.

आता मागची पट्टी. 3 सूत चौरस सागाच्या पट्ट्या पंचेचाळीस अंशात कापून, पॉलिश करून आधीच तयार ठेवलेल्या असाव्यात. आधी वरची आणि खालची बसवा, मग उभ्या. उभी पट्टी केसभर लांब ठेवून मधे किंचित वाकवून घातली की कोपरे घट्ट मिटतात. पट्टी काचेला नुसती टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे. मी मधे एक पोस्टकार्ड ठेवतो, पट्टी ठोकून झाल्यावर ते ओढलं की सुटून आलं पाहिजे. आलं नाही तर पट्टी आवळली आहे.

चुका पाऊण इंची, दर सहा इंचावर एक. पट्टीला आधी बारीक भोक पाडून घ्या, साग चिरतो. चूक काचेपासून दूर, बाहेरच्या बाजूला तिरपी, चौकटीच्या लाकडात गेली पाहिजे. हातोडी उचलून मारायची नाही, काचेवर पुठ्ठा ठेवून त्यावरून सरकवत ठोकायची. खरं सांगायचं तर आता मी चुका सोडल्या आहेत आणि बारीक पितळी स्क्रू लावतो. वेळ दुप्पट लागतो, पण ठोका बसत नाही आणि पुढे कधी काच बदलायची झाली तर पट्टी न मोडता निघते.

पल्ला दुसऱ्या दिवशी टांगा. बाहेर आलेली लांबी बोथट चाकूने काढा आणि काचेवरचा तेलकटपणा कोरड्या खडूच्या पावडरीने पुसा. पल्ला जिथे टेकतो तिथे ट्यूबचे दोन छोटे तुकडे चिकटवा, आपटण्याचा जोर तिथेच मरतो. मूठ लाकडाच्या पट्टीला लावा, आणि तिचा स्क्रू खाचेत शिरणार नाही एवढाच लांब घ्या.

पुढे काय होईल

पहिल्या पावसाळ्यात पल्ला जरा घट्ट होईल. लगेच रंधा घेऊन धावू नका, दिवाळीपर्यंत तो सुटतो आणि मग तासलेली फट उन्हाळाभर दिसत राहते. ओढून उघडावा लागत असेल तेव्हाच कडेला मेण चोळा, आणि तरीही अडकला तर बिजागरीच्या विरुद्ध बाजूने अर्ध्या सुताहून कमी काढा.

काच फुटलीच तर आधी तिच्यावर दोन्ही बाजूंनी कागदी टेप आडवीतिडवी चिकटवा. मग पल्ला आडवा करून पट्ट्या काढा आणि काच एका तुकड्यात उचला. सिलिकॉन ब्लेडने कापलं की सुटतं. जुनी लांबी दगडासारखी झालेली असते, ती पटाशीने थोडी थोडी काढा.

माप शोधत बसावं लागू नये म्हणून मी पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीला आतून पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: डावा पल्ला 14 इंच 5 सूत, उंची 39 इंच 7 सूत, काच 4 मिलिमीटर. पुठ्ठे कपाटाच्या मागे भिंतीशी उभे आहेत.